शाळेआधी कागद

ताई, आमच्या मुलाला ऑटिझम (स्वमग्नता) असल्याचं निदान झाल्यावर वर्षभर आम्ही फक्त थेरपीमागे धावलो, कागदांकडे बघितलंच नाही. तुम्ही तसं करू नका. आधी यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, अर्ज करा. ऑटिझमच्या तपासणीत आयसा नावाची 40 मुद्द्यांची मोजपट्टी भरतात. तिथे 'तसं सगळं करतो हो' म्हणायची आपल्या आयांना भारी हौस! शर्टाची बटणं कोण लावतं, कुकरच्या शिट्टीला मुलगा कान झाकून कुठे पळतो, सगळं सांगा. कारण प्रमाणपत्रावर दिव्यांगत्व 40 टक्के किंवा जास्त आलं, तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार 6 ते 18 वयापर्यंत शिक्षण मोफत. जवळची शाळा की विशेष शाळा, ही निवडही तुमची.

शाळा म्हणेल, 'आमच्याकडे सोय नाही.' आम्हालाही एकीने सांगितलं होतं. 'हेच लेखी द्या' म्हटल्यावर आठवड्याभरात प्रवेश झाला. सरकारमान्य शाळेला दिव्यांग मुलाला भेदभाव न करता घ्यावंच लागतं.

परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट अशा सवलती त्याच कायद्यात आहेत, पण मागितल्याशिवाय मिळत नाहीत. दहावीपर्यंत थांबू नका. अर्ज द्याल तेव्हा पोचपावतीवर शिक्का घ्या. आमची पहिली फाईल शाळेतच हरवली होती.