बेटावरचे टन आणि त्यांचा हिशोब : वाचकांचे प्रश्न

मॉरिशसमधील कार्बन क्रेडिट प्रकल्पांविषयी आलेल्या पत्रांतून काही प्रश्न निवडून इथे उत्तरे देत आहोत. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड, किंवा तेवढीच तापमानवाढ करणारा दुसरा वायू, रोखल्याचा तपासून दिलेला दाखला. एवढे लक्षात ठेवले की पुढचे आकडे सोपे जातात.

प्रश्न : कचऱ्यातून वीज आणि विजेतून कार्बन क्रेडिट, असे मॉरिशसबद्दल वाचले. कचऱ्याच्या ढिगातून टन मोजतात तरी कसे? (पुणे)

क्रेडिट विजेतून मिळतात, पण फार थोडे. खरा माल मिथेनमध्ये आहे.

देशाच्या दक्षिण भागातली मार शिकोझ ही तिथली एकमेव शास्त्रशुद्ध भरावभूमी. १९९७ पासून ती चालू आहे आणि वर्षाला चार लाख टनांहून जास्त कचरा तिथे जातो. ओला कचरा दाबला गेला, हवा संपली, की तो कुजताना निम्मा मिथेन आणि जवळपास निम्मा कार्बन डायऑक्साइड असा वायू सुटतो. ढिगात उभ्या विहिरी घेऊन सच्छिद्र पाइप बसवतात, ब्लोअरने वायू ओढतात, आणि इंजिनात किंवा फ्लेअरमध्ये, म्हणजे वायू नुसताच जाळून टाकण्याच्या नळकांड्यात, जाळतात. मार शिकोझला २०११ पासून सुमारे तीन मेगावॉटची इंजिने या वायूवर चालली.

आता हिशोब. एक घनमीटर वायूत अर्धा घनमीटर मिथेन, म्हणजे साधारण ०.३६ किलो. मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट धरतात, म्हणून हे झाले दहा किलो. शंभर घनमीटर वायू जाळला की एक टन. पण वायू ओढला नसता तरी ढिगावरच्या मातीत काही मिथेन आपोआप नष्ट झाला असता. त्यापोटी दहा टक्के वजा होतात. तेव्हा एका क्रेडिटला ११० घनमीटर धरा. एक मेगावॉटच्या इंजिनाला तासाला पाचशेच्या पुढे घनमीटर वायू लागतो. वर्षात आठ हजार तास चालले तर मिथेनपोटी ३७ हजारांच्या आसपास क्रेडिट होतात. तेवढ्याच विजेने ग्रिडवरचा कोळसा आणि फर्नेस ऑइल वाचते त्याचे फार तर आठ हजार. वीजविक्रीचे पैसे मात्र दरमहा येतात, क्रेडिटचे तपासणीनंतर. इंजिन घेण्याचे कारण हे आहे.

गडबड होते ती बहुधा पावसाळ्यात. तिकडे चक्रीवादळांचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. विहिरीत कचऱ्याचे पाझरपाणी चढते, सच्छिद्र भाग बुडतो आणि वायू घटतो. वायू घटला म्हणून ऑपरेटर ब्लोअरची ओढ वाढवतो आणि भेगांतून हवा आत येते. वायूतला ऑक्सिजन दोन-तीन टक्क्यांच्या वर गेला तर त्या विहिरीचा व्हॉल्व्ह लगेच कमी करायचा. नाहीतर मिथेन बनवणारे जीवाणू मरतात आणि ढिगात आतून आग धुमसते. आडव्या पाइपांना पुरेसा उतार नसला तर बाष्पाचे पाणी खोलगटीत साचून वाट बंद करते. कचरा खचत राहतो, म्हणून आज दिलेला उतार दोन वर्षांनी उरत नाही. शाम्पू आणि सौंदर्यप्रसाधनांतली सिलिकॉनयुक्त द्रव्ये वायूतून येऊन इंजिनात वाळूसारखा पांढरा थर धरतात. त्यासाठी सक्रिय कोळशाची गाळणी लागते आणि इंजिनऑइलची तपासणी वेळेवर करावी लागते.

आणखी एक नुकसान कागदावरचे. बंद फ्लेअरला ९० टक्के कार्यक्षमता धरतात, उघड्याला ५०. बंद फ्लेअरचे तापमान ५०० अंशांखाली उतरले तर तेवढ्या वेळाचे क्रेडिट शून्य. तापमापकाची वायर तुटली तर ज्वाला पेटलेली असूनही टन गेले! प्रवाहमापकाच्या कॅलिब्रेशनची, म्हणजे तो अचूक मोजतो का हे तपासण्याची, तारीख उलटली की तपासनीस त्या काळाचे आकडे कापून धरतो. हजार रुपयांच्या सुट्या भागापायी लाखांचे नुकसान होते ते असे.

प्रश्न : मॉरिशसचे साखर कारखाने बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर, वीज करतात. आमच्याकडेही सहवीजनिर्मिती आहे. त्यांना क्रेडिट मिळतात तर किती? (सांगली)

टनभर उसातून सुमारे ३०० किलो बगॅस निघतो, ५० टक्के ओलाव्याचा. एक टन कोळशाची उष्णता द्यायला असा बगॅस तीन टनांहून थोडा जास्त लागतो. म्हणजे टनभर उसामागे नव्वदेक किलो कोळसा, आणि कार्बन डायऑक्साइड दोनशे किलोंच्या वर. पण हा सगळा आकडा विकता येत नाही. बगॅसचा मोठा वाटा कारखान्याच्या वाफेलाच जातो आणि तो प्रकल्प नसतानाही जळतच होता. मोजायची ती बाहेर दिलेली वाढीव वीज.

मॉरिशसची अडचण वेगळी आहे. तिथले प्लँट गाळप हंगामात, साधारण जून ते डिसेंबर, बगॅसवर चालतात आणि उरलेले महिने त्याच बॉयलरमध्ये कोळसा घालतात. २००० सालच्या बेल व्यूच्या प्लँटपासून ८२ बार इतक्या उच्च दाबाचे बॉयलर आले. ते वर्षभर चालले तरच परवडतात. त्यामुळे हंगामाच्या दोन्ही टोकांना, जेव्हा दोन्ही इंधने एकत्र जळतात, तेव्हा कोणत्या युनिटमागे कोणते इंधन हे सिद्ध करावे लागते. बगॅसच्या पट्ट्यावर वजनकाटा आणि दर पाळीला ओलाव्याची चाचणी नसेल तर तपासनीस शंका असलेली सगळी वीज कोळशाच्या खात्यात टाकतो. ओलावा ५० ऐवजी ५३ निघाला तरी उष्णता सहा-सात टक्क्यांनी घसरते.

शिवाय बगॅसवरची वीज तिथे नवी नाही. सरकारचा बगॅस ऊर्जा कार्यक्रम १९९१ चा, आणि २००६ पासून युरोपने साखरेचा भाव टप्प्याटप्प्याने ३६ टक्के कमी केल्यावर कारखान्यांना विजेकडे वळणे भागच होते. क्रेडिटचा पैसा नसता तर हे झाले नसते, असे दाखवता आले तरच क्रेडिट मिळते. जुन्या प्लँटला ते दाखवणे कठीण.

नवे काही असेल तर पाचट. पण पाचटात पोटॅश आणि क्लोरीन जास्त असते, बॉयलरच्या नळ्यांवर चिकट थर बसतो, आणि पाचटाच्या गठ्ठ्यांबरोबर आलेली माती राख वाढवते. बगॅसमध्ये थोडेसे मिसळून सुरुवात करावी. आणि शेतातले सगळे पाचट उचलू नये, निम्मे तरी आच्छादनाला ठेवावे. हे सांगलीलाही लागू आहे.

प्रश्न : आमच्या खाडीत कांदळवन आहे, त्याच्या क्रेडिटची चर्चा चालते. मॉरिशसमध्ये कांदळ लावून बेटाला उत्पन्न होईल का? (वेंगुर्ले)

क्रेडिटच्या भरवशावर नाही. कारण भरती-ओहोटीत आहे. कांदळवन सरासरी समुद्रपातळी आणि उधाणाच्या भरतीची सर्वांत वरची रेघ यांच्यामध्येच जगते. मुंबईला उधाणाचा चढउतार तीन-चार मीटरांच्या घरात असतो, मॉरिशसला जेमतेम अर्ध्या मीटरचा. त्यामुळे तिथला पट्टा अरुंद, आणि सगळ्या देशाचे कांदळवन मिळून काहीशे हेक्टरांतच संपते.

समजा, २० हेक्टर लावले. चांगली वाढ झाल्यास हेक्टरी वर्षाला १० ते १५ टन धरू, म्हणजे २०० ते ३०० क्रेडिट. २५ डॉलर भाव मिळाला, जो चांगला समजावा, तर वर्षाला पाच ते साडेसात हजार डॉलर. मान्यताप्राप्त तपासनीस बाहेरून बोलावण्याची एक फेरी वीस-तीस हजार डॉलर सहज खाते. पाच वर्षांची कमाई एका तपासणीत जाते.

तरीही लागवड करावी, किनारा आणि मासे यांच्यासाठी. २०२० मध्ये वाकाशिओ जहाज प्वॅंत देस्नीजवळ खडकावर चढले आणि सुमारे हजार टन तेल सांडले, तेव्हा आग्नेय किनाऱ्यावरचे कांदळवनही तेलात माखले. तिथे मुख्य जात आपल्या कांदळाचीच आहे. झाडावरून हलवताच सुटणाऱ्या पक्व शेंगा घ्याव्यात. ओढून काढाव्या लागतात त्या कच्च्या. भोके पडलेल्या टाकाव्यात. चिखलात एक तृतीयांश ते निम्मी शेंग रोवावी, मीटरभर अंतराने. हेक्टरी दहा हजार लागतात. लागवड मरते ती बहुतेक वेळा जागा चुकल्याने. फोटोसाठी ओहोटीला उघडी पडलेली सपाट जागा निवडतात. ती फार खोल असते, रोप दिवसाचा बराच वेळ पाण्याखाली राहते आणि अंगावर चिकटणाऱ्या कवचधारी जीवांनी लडबडून आडवे होते. कित्येकदा तिथे आधीच समुद्रगवत असते, म्हणजे एक कार्बनसाठा मारून दुसरा लावल्यासारखे. जवळच्या जुन्या झाडांच्या मुळांपर्यंत पाणी कुठवर चढते ते उधाणाला काठीवर खूण करून पाहावे आणि त्याच पातळीवर लावावे.

असलेले कांदळवन राखल्याचे क्रेडिट मॉरिशसला मिळणे अवघडच, कारण ते कायद्याने आधीच संरक्षित आहे. जे तुटणारच नव्हते ते वाचवले, असे म्हणता येत नाही.

प्रश्न : मग जंगलाचे क्रेडिट विकणारी छोटी बेटे कशी जमवतात? (नाशिक)

पॅसिफिक महासागरातल्या व्हानुआटू या बेटांच्या देशाचे उदाहरण घ्या. तिथे राज्यघटनेनेच जमीन मूळ कुळांची आहे. एस्पिरितु सांतो बेटावरच्या लोरू जंगलात मालक कुळाने जंगल न तोडण्याचे ठरवले, त्याला कायदेशीर संरक्षित क्षेत्राचा दर्जा मिळवला आणि प्लॅन विव्हो या छोट्या, लोकांच्या प्रकल्पांसाठीच्या मानकाखाली क्रेडिट काढले. जंगल गिळणारी मेरेमियाची वेल काढणे हे तिथले रोजचे काम. क्रेडिटचा एक हिस्सा विकत नाहीत, वादळाने जंगल पडले तर भरपाईला राखून ठेवतात. एप्रिल २०२० मध्ये हॅरॉल्ड चक्रीवादळ सांतोवरूनच गेले, त्यामुळे ही खबरदारी कागदापुरती नाही. मॉरिशसला हा रस्ता जवळपास बंद आहे. चांगले मूळ जंगल दोन टक्क्यांहून कमी उरले आणि त्यातले बरेचसे १९९४ पासून ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानात आहे.

प्रश्न : आमच्या घराच्या छपरावर तीन किलोवॉटची सौर पॅनेल आहेत. आम्ही क्रेडिट विकू शकतो का? (वाकवा, मॉरिशस)

तुमची पॅनेल वर्षाला चार हजार युनिटांच्या आसपास देतील, म्हणजे चारेक टन. एकट्याला नोंदणी परवडणार नाही. हजारो छपरे एका कार्यक्रमाखाली आणणारी संस्था लागते. त्याआधी वीजमंडळाशी केलेला करार काढून पाहा. पर्यावरणीय हक्क किंवा कार्बनहक्क मंडळाकडे राहतील असे कलम असेल, तर विकायला तुमच्याकडे काही नाही. पॅनेलची खरेदी अनुदानातून झाली असेल तर त्या योजनेची अटही वाचा.

प्रश्न : बाहेरच्या देशाला क्रेडिट विकले तर मॉरिशसचे स्वतःचे उद्दिष्ट कोण पुरे करणार? (ठाणे)

प्रश्न नेमका आहे. मॉरिशसने २०२१ मध्ये जाहीर केले होते की २०३० पर्यंत उत्सर्जन, काहीच न करता जेवढे झाले असते त्यापेक्षा, ४० टक्के कमी करायचे आणि ६० टक्के वीज अक्षय स्रोतांतून घ्यायची. पॅरिस कराराच्या कलम ६ खाली परदेशाला अधिकृतपणे दिलेला प्रत्येक टन विकणाऱ्या देशाला स्वतःच्या उत्सर्जनाच्या हिशोबात पुन्हा जोडून धरावा लागतो. व्हानुआटूने २०२१ मध्ये स्वित्झर्लंडशी असा करार केला, तो ग्रामीण सौरविजेसाठी.

आमचे मत : स्वस्तात होणारे टन देशाने स्वतःसाठी ठेवावेत आणि बाहेरच्या पैशाशिवाय होणारच नाहीत असे महागडे टन विकावेत. उलटे केले तर स्वस्त टन दहा डॉलरला जातात आणि शेवटी उद्दिष्टासाठी महागडे टन स्वतःच्या खर्चाने करावे लागतात. भावावर विसंबू नये, हे तर क्योटो करारातल्या क्रेडिटने दाखवलेच. २००८ मध्ये वीस युरोच्या आसपास असलेला भाव २०१२ च्या अखेरीस एका युरोखाली आला. त्या वर्षानंतर नव्याने नोंदवलेल्या प्रकल्पांचे क्रेडिट युरोपने फक्त अतिअल्पविकसित देशांतून घ्यायचे ठेवले, आणि मॉरिशस त्या यादीत नव्हता. करार करताना किमान भाव लिहून घ्यावा, तपासणीचा खर्च खरेदीदाराने आगाऊ द्यावा असे कलम घालावे, आणि परदेशाला विकण्याची मंजुरी देणारे अधिकृततेचे पत्र सरकारने मागे घेतल्यास पैसे कोण परत करणार हे आधीच ठरवावे.