एअर स्प्रिंग भाजलं, म्हणून 1,800 डॉलर?

प्रश्न (ह्यूस्टन): माझ्या एफ-150 पिकअपला आधीच्या मालकानं दुहेरी एक्झॉस्ट (इंजिनाचा धूर मागे नेणारे दोन पाइप) बसवलाय. ट्रेलरसाठी मी मागच्या ॲक्सलवर (चाकं जोडणाऱ्या दांड्यावर) एअर स्प्रिंग, म्हणजे हवा भरलेले रबरी स्प्रिंग, टाकले. डावीकडचा पाइप इतका चिकटून आहे की रबर भाजलं. गॅरेज म्हणतं, पूर्ण एक्झॉस्ट बदला, 1,800 डॉलर. 24 टक्के व्याजाच्या क्रेडिट कार्डावर घेऊ, की सहा महिने 401(के), म्हणजे पगारातून निवृत्ती खात्यात जाणारा भरणा, थांबवू? कंपनी माझ्या भरण्याच्या निम्मी भर घालते. बचत 4,000 डॉलर.

उत्तर: दोन्ही नको. कार्डावर घेऊन महिना 75 डॉलर फेडलेत तर 33 महिने लागतील आणि व्याजात सुमारे 675 डॉलर जातील. 401(के) थांबवणं त्याहून महाग. 1,800 डॉलर भरायचे थांबवलेत की कंपनीच्या 900 डॉलरवर पाणी. शिवाय खातं नेहमीचं, करपूर्व असेल तर त्या पैशावर आयकर कापला जाणार; हातात पूर्ण 1,800 येणारही नाहीत.

पण खरी गोम कोटेशनमध्ये आहे. नवा एक्झॉस्टही दुहेरी असला, तर त्याचा डावा पाइप त्याच ॲक्सलवरून, त्याच स्प्रिंगच्या कडेनं जाईल. ‘नवा पाइप स्प्रिंगपासून किती लांब राहील?’ असं विचारा. उत्तर इंचांत मिळालं नाही तर विषय संपला.

आधी मोजा. पाइप थंड असताना, स्प्रिंगमध्ये ट्रेलर ओढताना असते तेवढी हवा भरून. फुगल्यावर घेर वाढतो, त्यामुळे रिकाम्या स्प्रिंगचं माप फसवतं. मग फ्रेम जॅकनं उचलून स्टँडवर टेका, ॲक्सल लोंबू द्या, पुन्हा मोजा. एक्झॉस्ट फ्रेमला टांगलेला आणि स्प्रिंगचं खालचं टोक ॲक्सलबरोबर हलणारं, म्हणून अंतर बदलतं. स्प्रिंगभोवती किमान अर्धा इंच मोकळं हवं, आणि पाइप सहा इंचांच्या आत असेल तर उष्णता अडवणारा पत्रा हवाच. तो बऱ्याच किटमध्ये येतो, खोका नीट बघा. पत्रा पाइपला आवळायचा, स्प्रिंगला नाही.

मग क्लॅम्प सैल करून ॲक्सलवरचा पाइप थोडा फिरवा. गंजलेल्या नटांना आदल्या दिवशी तेल सोडा. पाइप टांगणारे रबरी हँगर ताणले किंवा चिरले असतील तर बदला, नाहीतर पाइप झुलून परत तिथेच येतो. हे जवळजवळ फुकट.

एवढ्यानं भागलं नाही तर मफलर शॉपमध्ये फक्त तो वळणाचा तुकडा कापून नवा वेल्ड करून घ्या. वळणावर चेपलेला पाइप घेऊ नका, आणि रक्कम लेखी ठरवा. काहीशे डॉलरचं काम, बचतीतून द्या. पाइप ॲक्सलच्या अलीकडेच तोडण्याचा स्वस्त सल्ला मिळेल. मग गरम धूर स्प्रिंगवर आणि ब्रेकच्या नळीवर. पाइपला पट्टी गुंडाळली तर ओल धरून तो गंजतो. धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला मात्र कुणाला हात लावू देऊ नका. टेक्सासमधली सुरक्षा तपासणी 2025 पासून खासगी गाड्यांना नसली, तरी तुमच्या ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीत धुराची चाचणी आहे.

भाजलेलं स्प्रिंग बदलाच, हवा धरत असलं तरी. कडक झालेलं रबर भाराखाली चिरतं. तोवर ट्रेलर जोडू नका.

आणखी एक. एअर स्प्रिंगनं गाडीची पाठ सरळ होते, भारक्षमता वाढत नाही. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरचा आकडा तोच राहतो. ट्रेलरसकट गाडी ट्रक स्टॉपच्या काट्यावर एकदा तोला. भार मुळातच जास्त निघाला, तर पैसा एक्झॉस्टवर नको, हलक्या ट्रेलरवर घाला.