लायबेरियाच्या झेंड्याच्या जहाजावर भावाने जावं का? आणि सरकार अशा झेंड्यांवर बंदी का घालत नाही?

तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. 'असे झेंडे' म्हणजे जहाजाचा मालक एका देशातला, पण जहाजाची नोंदणी आणि झेंडा दुसऱ्याच देशाचा. बंदी घालणं सरकारच्या हातात नाही. झेंडा कोणत्या अटींवर द्यायचा हे प्रत्येक देश आपलं आपण ठरवतो. जहाज आणि झेंड्याचा देश यांच्यात 'खरा संबंध' हवा, असं १९८२ च्या आंतरराष्ट्रीय सागरी कायद्याचं ९१ वं कलम म्हणतं. पण तसा संबंध नाही म्हणून दुसऱ्या देशाला ती नोंदणी अमान्य करता येत नाही, हे हॅम्बर्गच्या सागरी न्यायाधिकरणाने १९९९ साली 'सायगा' खटल्यात स्पष्ट केलं. शिवाय आपली बहुतांश आयात-निर्यात परदेशी जहाजांतूनच होते. ती अडवली तर आपलीच बंदरं ओस पडतील.

मग उरतात दोन वाटा. एक, आपला झेंडा परवडेल असा करणं. २०२१ मध्ये केंद्राने त्यासाठी पाच वर्षांकरता १,६२४ कोटींचं अनुदान मंजूर केलं, पण ते सरकारी मालाच्या निविदांपुरतं. जहाज विकत घेताना जीएसटी आणि महाग कर्ज, ही मालकांची खरी अडचण तशीच राहिली. मला हा उपाय अपुरा वाटतो.

दुसरी वाट म्हणजे बंदरात आलेल्या जहाजाची कडक तपासणी. झेंडा कुठलाही असो, दोष सापडला तर जहाज अडकवून ठेवता येतं. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईजवळ पनामाच्या झेंड्याचं 'एमएससी चित्रा' आणि सेंट किट्सच्या झेंड्याचं 'खलिजिया ३' एकमेकांवर आदळली. तेलाचा तवंग उरण-अलिबागपर्यंत गेला आणि मुंबईत लोकांनी मासळी घेणं सोडलं. पनामा आणि सेंट किट्सला त्याची काय झळ लागली? मार खाल्ला तो आपल्या कोळ्यांनी. म्हणून अशा नुकसानीची भरपाई देणाऱ्या जहाजाच्या विम्याची कागदपत्रं ते धक्क्याला लागण्याआधी तपासलीच पाहिजेत, असं मी ठामपणे म्हणेन.

आता भावाचं. मी इंजिन रूममध्ये काम केलं ते बहुतेक अशाच झेंड्यांखाली, आणि सगळे झेंडे सारखे नसतात. खलाशांच्या हक्कांचा २००६ चा करार सर्वांत आधी स्वीकारला तो लायबेरियानेच. त्यामुळे झेंड्यापेक्षा एजंट तपासा. डीजी शिपिंगच्या, म्हणजे केंद्राच्या जहाजवाहतूक महासंचालनालयाच्या, संकेतस्थळावर त्याचा आरपीएसएल (खलाशी भरती करण्याचा) परवाना चालू दिसतोय का ते बघा. नोकरीसाठी पैसे मागत असेल तर तिथेच थांबा. जहाजमालकाने खलाशांना वाऱ्यावर सोडलं तर चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार आणि घरी परतण्याचा खर्च देणाऱ्या विम्याचं प्रमाणपत्र जहाजावर लावलेलं असावं लागतं. त्याची प्रत सही करण्याआधी मागून घ्या.