तुमचा रेझ्युमे नोटपॅडमध्ये कसा दिसतो?

प्रश्न: मी मेकॅनिकल इंजिनिअर, पुण्यात असते. ऑनलाइन टेम्प्लेटवरून दोन रकान्यांचा छान रेझ्युमे केला. डावीकडे फोटो, फोन नंबर आणि कौशल्यांपुढे तारे, उजवीकडे अनुभव. बऱ्याच ठिकाणी अर्ज केले, एकही फोन आला नाही. डिझाइन नडतंय का?

सगळं खापर डिझाइनवर फोडणार नाही, पण संशयाला जागा आहे. मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी एटीएस, म्हणजे आलेले अर्ज सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जातो. ते फाइलमधला मजकूर काढून घेतं आणि नाव, ईमेल, पद, कंपनी, तारखा अशा खणांत टाकतं. दोन रकाने असले की काही सॉफ्टवेअर पानभर आडवी ओळ वाचत जातात. मग डावीकडच्या 'सॉलिडवर्क्स'ला उजवीकडचं 'जून 2021' चिकटतं. टेक्स्ट बॉक्स आणि वर्डच्या हेडर-फूटरमधला मजकूर कधी कधी गळूनच जातो. फोन नंबर तिथे असेल तर फोन येणार कसा?

तारे मात्र काढाच. सॉफ्टवेअरला ते चित्र, आणि माणसालाही 'ऑटोकॅड चार तारे' यातून काही कळत नाही. 'ऑटोकॅड, 3 वर्षं, शीट मेटल डायची ड्रॉइंग्ज' असं लिहा.

घरच्या घरी तपासायचं तर पीडीएफ उघडा, सगळा मजकूर कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. क्रम बिघडला, नंबर गायब झाला, तर सॉफ्टवेअरलाही साधारण तसंच दिसणार असं धरा. एकच रकाना, 'एक्सपिरियन्स', 'एज्युकेशन', 'स्किल्स' असे सरळ मथळे आणि सगळीकडे एकाच पद्धतीच्या तारखा, एवढ्यावर बहुतेक गाठी सुटतात.

प्रश्न: पीडीएफ की वर्ड?

जाहिरातीत किंवा फॉर्मवर सांगितलं असेल ते. सांगितलं नसेल तर वर्डमधून सेव्ह केलेली पीडीएफ चालते. प्रिंट काढून मोबाइलने स्कॅन केलेली नको, तो नुसता फोटो असतो.

प्रश्न: मी अकाउंटंट आहे. जाहिरातीतले सगळे शब्द रेझ्युमेच्या तळाशी पांढऱ्या अक्षरांत टाकायचे, असं एका मित्राने सुचवलं. करू का?

नको. मजकूर काढून घेताना रंग उरत नाही. एचआरच्या स्क्रीनवर तुमची ती शब्दांची रास काळ्या अक्षरांत उमटू शकते, आणि मग सांगायला तोंड राहत नाही. जे खरोखर केलंय ते मात्र जाहिरातीच्याच शब्दांत मांडा. उमेदवार शोधताना 'करविषयक कामे सांभाळली' असं कुणी सर्चमध्ये टाकत नाही; 'टॅली प्राइम', 'जीएसटीआर-3बी', 'टीडीएस रिटर्न' टाकतात.

प्रश्न: मराठी मुद्रितशोधनाच्या कामासाठी मराठीतच रेझ्युमे पाठवायचा आहे. माझ्याकडे सगळं श्रीलिपीत आहे.

आधी युनिकोडमध्ये आणा. जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसतं, पण आत त्या फॉन्टचे स्वतःचे कोड असतात. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर तीच वर्ड फाइल उघडली की रोमन अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसतो. कन्व्हर्टर वापरलात तर रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांखालून घाला. मुद्रितशोधकाच्याच रेझ्युमेत 'कार्य'चा रफार भलतीकडे गेलेला बरा दिसत नाही! दुसरी अडचण पीडीएफची. देवनागरी युनिकोडमध्ये असली तरी पीडीएफमधून कॉपी करताना ऱ्हस्व वेलांटी आणि रफार बरेचदा जागा सोडतात. म्हणून इथे मी वर्ड फाइल पाठवेन, आणि नाव, फोन, ईमेल रोमन लिपीतही देईन.

प्रश्न: एका वेबसाइटने माझा एटीएस स्कोअर 100 पैकी 42 सांगितला आणि तो वाढवायला पैसे मागतेय. द्यावेत का?

देऊ नका. तो आकडा त्या वेबसाइटने स्वतःच्या हिशोबाने काढलेला आहे. वर्कडे, ग्रीनहाउस, झोहो रिक्रूट अशी एटीएस वापरणाऱ्या कंपन्यांपर्यंत तो पोचतही नाही. आपोआप नकार येतो तो बरेचदा फॉर्ममधल्या प्रश्नांच्या उत्तरांवरून: अमुक पदवी आहे का, या शहरात याल का, नोटीस पीरियड किती. रेझ्युमे कितीही सुबक असला तरी तिथे उपयोग नाही. नोकरी डॉट कॉमसारख्या ठिकाणी तर रिक्रूटर अनुभवाची वर्षं, शहर, पगार, नोटीस पीरियड असे फिल्टर लावून शोधतात, आणि ही माहिती तुम्ही प्रोफाइलमध्ये भरलेली असते. नोटीस पीरियडवर असाल तर शेवटचा दिवस तिथे आजच टाका.