ट्रेलरमधलं वॉलनटचं टेबल बनवा, पण मशिनं आत्ता नकोत

प्रश्न थोडक्यात असा आहे: आम्ही कोलंबस, ओहायोला राहतो, जुना ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं फिरतं घर) घेतलाय १४,५०० डॉलरला. आतल्या डिनेटच्या (जेवायच्या कोपऱ्यातल्या) टेबलाचा पार्टिकल बोर्ड पाणी लागून फुगलाय. मला वॉलनटचं, म्हणजे अक्रोडाच्या लाकडाचं टेबल स्वतः बनवायचंय, वडिलांचं सांगलीला फर्निचरचं वर्कशॉप होतं, तिथे काम शिकलोय. टेबल सॉ (कापायचं मशीन), जॉइंटर (फळीची बाजू आणि कड सरळ करणारं), प्लेनर (जाडी एकसारखी करणारं) मिळून ३,२०० डॉलर होतात, स्टोअर कार्डवर (दुकानाचं स्वतःचं क्रेडिट कार्ड) १२ महिने व्याज नाही. होम्स काउंटीतला एक कारागीर १,१५० मध्ये करून देतो. बायको म्हणते दोनशेचं रेडिमेड लावा. क्रेडिट कार्डवर ५,४०० बाकी आहे २३ टक्क्यांनी, सेव्हिंग ६,०००, महिन्याचा खर्च ५,२००. पगार ९२,०००, त्यातले ३ टक्के ४०१के मध्ये (नोकरीतलं निवृत्तीचं खातं) टाकतो, कंपनी ५ टक्क्यांपर्यंत डॉलरला डॉलर देते.

दादा, टेबल नक्की बनवा. हात शिकलेला आहे, लाकडाची आवड आहे, आणि ट्रेलरमध्ये जेवण, पत्ते, मुलांचा अभ्यास, रात्रीचं झोपणं सगळं त्या एका टेबलाभोवतीच होतं, त्यामुळे त्यावर पैसे घालणं मला अजिबात उधळपट्टी वाटत नाही. पण तुमच्या पत्रात दोन वेगळे खर्च एकत्र झालेत, एक टेबलाचा आणि एक वर्कशॉपचा, आणि टेबलाच्या नावाखाली वर्कशॉप घरात येतंय.

आधी टेबलाचा हिशोब करू. तुमचं माप ४० बाय २८ इंच, म्हणजे पावणेआठ बोर्ड फूट (एक फूट लांब, एक फूट रुंद, एक इंच जाड तो एक बोर्ड फूट), रफ लाकूड घेताना काटछाट आणि गाठी धरून ११ घ्या. तुम्ही लिहिलेल्या १४ डॉलरच्या भावाने १५४ झाले. ग्लू, सँडपेपर, पॉलिश, खालचं हार्डवेअर यांचे सत्तरएक धरा, पाय जुनेच वापरायचेत. म्हणजे सव्वादोनशेच्या आसपास! बायकोच्या दोनशेच्या रेडिमेडपेक्षा फार लांब नाही हे, त्यांना हा आकडा दाखवा.

मग ३,२०० कशाला लागतायत? फळी सपाट आणि सरळ करायला. हार्डवुडचे बरेच व्यापारी थोडे जास्त पैसे घेऊन फळी दोन्ही बाजूंनी प्लेन करून एक कड सरळ कापून देतात, विचारा फक्त. उरलेलं काम जवळच्या मेकरस्पेसमध्ये (फी भरून मशिनं वापरता येतात असं सामायिक वर्कशॉप) एका महिन्यात होईल, फी शंभर-दीडशे धरली तरी सगळं मिळून चारशेच्या आत बसतं. शिवाय तुम्हाला रंधा चालवता येतो, सांधे बसवायचा शेवटचा हात त्यानेच फिरवाल.

आता ते स्टोअर कार्ड, यावर मला जरा जास्त बोलायचंय कारण चांगली शिकलेली माणसं इथे फसतात. "१२ महिन्यांत पूर्ण फेडलं तर व्याज नाही" असं लिहिलेलं असतं तेव्हा व्याज माफ नसतं, ते मागे साठत असतं. बाराव्या महिन्याअखेर थोडी जरी बाकी राहिली तरी खरेदीच्या दिवसापासूनचं सगळं व्याज एकदम अंगावर येतं, आणि बिलावरचा मिनिमम हप्ता इतका लहान असतो की तेवढाच भरत गेलात तर १२ महिन्यांत फिटतच नाही. दर २९ टक्के असेल आणि तुम्ही महिना १२० भरत गेलात तर वर्षाने १,७६० बाकी असतील आणि वर सातशेच्या पुढे व्याज पडेल. पूर्ण फेडायला महिना २६७ लागतात. ते २६७ तुमच्याकडे आहेत असं तुम्ही म्हणता, छान, मग ते आधी दुसरीकडे लावू.

कंपनी ५ टक्क्यांपर्यंत देतेय आणि तुम्ही ३ वर थांबलाय, म्हणजे वर्षाला १,८४० डॉलर कंपनीकडेच राहतायत. मला तुमच्या पत्रातली सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट ही आहे, टेबल नव्हे. दोन टक्के वाढवलेत तर टॅक्स वाचून हातातला पगार महिना १३० च्या आसपास कमी होईल. उरलेले १३५ तरी क्रेडिट कार्डवर टाका, तिथे आत्ता महिन्याला शंभर डॉलर नुसतं व्याज जातंय. आणि सेव्हिंग जेमतेम सव्वा महिन्याचं आहे, त्याला हात लावायचा नाही.

कारागिराचे १,१५० महाग नाहीत, होम्स काउंटीतल्या अमिश लोकांचं (जुन्या साध्या पद्धतीने राहणारा ख्रिस्ती समाज) काम बघितलंय त्यांना माहितीये. पण तुम्हाला बनवण्यातच रस असेल तर तो आनंद दुसऱ्याला कशाला द्यायचा. विकताना किंमत वाढेल हा विचार मात्र डोक्यातून काढा, जुना ट्रेलर घेणारा टेबलाकडे बघून खूश होईल पण त्याचे वेगळे पैसे देणार नाही. पुढे टेबलं विकून मशिनं वसूल करायचा विचारही लगेच धरू नका, छंद म्हणून केलेल्या विक्रीवर टॅक्स लागतो आणि मशिनांसारखा खर्च वजा करता येत नाही, खरा धंदा म्हणून चालवणं वेगळी गोष्ट.

लाकूड वाया गेलं तर तोही पैसाच, म्हणून एक सांगतो. हिवाळ्यात ट्रेलर बंद आणि थंड, उन्हाळ्यात दमट. लाकडातला ओलावा ४ टक्क्यांनी बदलला तर २८ इंच रुंद वॉलनट पाव इंचापेक्षा जास्त फुगतं-आकसतं. रात्री टेबल खाली उतरवून दोन बाकांच्या मध्ये बेड करता ना, तिथे घट्ट माप घेतलंत तर जुलैमध्ये अडकेल. लाकडाच्या रेषा भिंतीकडून वाटेकडे ठेवा, बाकांच्या बाजूंना फट सोडा, आणि खालच्या पट्ट्यांना स्क्रूसाठी लांबट भोकं पाडा नाहीतर फळी मधोमध चिरेल. पाऊण इंच जाडीला वजन साधारण १९ पौंड भरतं, त्याची काळजी नको.

या सीझनला प्लायवूड कापून तेच माप लावा, पन्नास-साठ डॉलरमध्ये मुलांची सोय होते आणि माप बरोबर आहे का ते झोपून कळतं, मग हिवाळ्यात वॉलनट. सोमवारी एचआरला मेल टाकून ५ टक्के करून घ्या. क्रेडिट कार्ड शून्यावर आलं आणि सेव्हिंग तीन महिन्यांचं झालं की एक-एक मशीन जुनं, रोख घ्या, आधी प्लेनर.