लोनसम डव्ह: डीट्स मित्र की गडी?

तुम्ही 'लोनसम डव्ह' ही अमेरिकन काउबॉय मालिका संपवून विचारलंय की त्यातला गोरा कॅप्टन कॉल आणि त्याच्या हाताखालचा काळा काउबॉय डीट्स खरंच दोस्त होते, की गोऱ्या मालकाचा इमानी काळा गडी हीच जुनी गोष्ट गोड करून दाखवलीय. (ज्यांनी बघितली नाही त्यांनी पुढे वाचू नका, सगळं फुटेल.)

१९८९ ची मालिका, चारच भाग, मी तीनदा बघितलीय आणि दरवेळी मत थोडं सरकतं. आत्ता विचाराल तर दोन्ही आहे. टेक्सासहून मोंटानापर्यंत गुरं हाकत न्यायची, त्यात पुढे जाऊन वाट आणि पाणी शोधायचं काम डीट्सचं, म्हणजे सगळ्यांचा जीव त्याच्या नजरेवर, आणि कॉलसारखा खडूस माणूस त्याचा शब्द निमूट मानतो. पण मालक कॉल आणि त्याचा भागीदार गस. डीट्स शेवटपर्यंत 'कॅप्टन'च म्हणतो. डीट्स झालेल्या डॅनी ग्लोव्हरने हे कुठे रडगाणं न करता केलंय, तो नुसता घोड्यावर बसला तरी कळतं की ह्याला सगळं दिसतंय.

आता ती डीट्सच्या कबरीवरची फळी. डीट्स एका नेटिव्ह अमेरिकन लेकराला उचलून घेतो, त्यांच्यातल्या एका पोराचा गैरसमज होतो, भाला, आणि डीट्स जातो. मग कॉल बसून चाकूने अक्षरं कोरतो. एरवी तोंडातून चांगला शब्द न काढणारा माणूस, आणि फळीवर ३० वर्षांचा हिशोब. तिथे शब्द आहेत 'सर्व्ह्ड विथ मी'. माझी नाही, माझ्याबरोबर चाकरी केली. त्या एका 'विथ'वर मी अडकून बसलोय.

आणि हे हवेतून आलेलं नाही बरं का. बोस इकार्ड नावाचा गुलामीत जन्मलेला काउबॉय खरोखर होऊन गेला, १९२९ मध्ये वारला, टेक्सासमधल्या वेदरफोर्डला त्याची कबर आहे, आणि तिच्यावरचा दगड तो ज्याच्याकडे कामाला होता त्या गुरांच्या मालकाने, चार्ल्स गुडनाइटने बसवला. त्यावरही तेच, 'सर्व्ह्ड विथ मी', फक्त चार वर्षं. गुडनाइट म्हणायचा की प्रवासात रोकड मी बोसकडे ठेवायचो, कारण चोर त्याला लुटायचा विचारच करणार नाही. म्हणजे विश्वास शंभर टक्के, आणि तो वापरता येतो कशामुळे, तर काळ्या माणसाकडे पैसे असतील असं कुणाच्या डोक्यातच येत नाही म्हणून. आता ह्याला दोस्ती म्हणायचं की नाही, तुम्हीच सांगा, मी अजून तिथेच आहे.