चिखलातल्या गाडीवाटेवर भर टाकायला चुलत दिरांची परवानगी लागते का?

प्रश्न, थोडक्यात: सासरे आणि त्यांचे धाकटे भाऊ यांचं १९९८ साली नोंदणीकृत वाटणीपत्र झालं. आमचा हिस्सा मागे आला. घरही तिथेच, रानातच आहे. पुढचा हिस्सा आता चुलत दिरांकडे आहे आणि त्यातून आमच्यासाठी ‘पश्चिमेच्या बांधालगत दहा फूट रुंद गाडीवाट’ ठेवल्याचं वाटणीपत्रात लिहिलं आहे. बांधापलीकडे ओढा आहे. पावसाळ्यात वाटेवर गुडघाभर चिखल होतो. तीन वर्षांपूर्वी खडीच्या चार ट्रॉल्या टाकल्या, त्या चिखलाने गिळल्या. यंदा मे महिन्यात मुरूम आणि खडी टाकून वाट दीड फूट उचलली. जुलैच्या पहिल्या आठवड्यात दिरांनी वाटेवर आडवा चर खणला. त्यांचं म्हणणं, रस्ता उंच केल्यामुळे त्यांच्या रानात पाणी तुंबलं, सोयाबीन पिवळं पडलं, आणि ‘आमच्या जमिनीत काही करायचं तर आधी विचारायचं.’ चर जेसीबीने बुजवू का? पुन्हा भर टाकायला त्यांची संमती लागते का? निम्मा खर्च मागता येईल का?

उत्तर:

ताई, आधी जेसीबी थांबवा. बाकीचं पुढे सांगते, पण हे आजच करा.

तुमचा हक्क भक्कम आहे. वाटणीपत्र नोंदवलेलं आहे, त्यात वाट, तिची बाजू आणि रुंदी तिन्ही लिहिलेलं आहे. कागदात काही नसतं तरी वाटणीत मागे पडलेल्या हिश्शाला गरजेपुरती वाट कायद्याने मिळते. तुमच्याकडे तर स्पष्ट शब्द आहेत. ज्याला कोर्टात सगळे इझमेंट ॲक्ट म्हणतात, त्या १८८२च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याचं (दुसऱ्याच्या जमिनीवरून वाट, पाणी अशा हक्कांचा हा कायदा) कलम २४ सांगतं की वाटेचा हक्क असणाऱ्याला ती वाट वापरण्याजोगी ठेवायचाही हक्क आहे. कायद्यात दिलेलं उदाहरणच असं आहे: वाट नादुरुस्त झाली किंवा तिच्यावर झाड पडलं, तर हक्कदार शेजाऱ्याच्या जमिनीत जाऊन वाट दुरुस्त करू शकतो, झाड हटवू शकतो. तेव्हा दिरांचं ‘आधी विचारायचं’ हे कायद्याला धरून नाही. तरी काम कोणत्या दिवशी करणार हे त्यांना लेखी कळवा. तेवढं केल्याने तुमचा हक्क कमी होत नाही.

मग चर का बुजवायचा नाही? कारण पडलेलं झाड वेगळं आणि माणसाने मुद्दाम केलेला अडथळा वेगळा. कलम ३६ने हक्कदाराला असा अडथळा स्वतःच्या हाताने काढायला मनाई केली आहे. चिखल काढणं ही दुरुस्ती झाली, पण दिरांनी तुम्हाला अडवायला खणलेला चर बुजवणं म्हणजे अडथळा स्वतः दूर करणं. पक्षकारांना ही रेघ फार बारीक वाटते. पण ती ओलांडली की पुढे सगळा वाद जेसीबी कुणी आणला, कोण कुणावर धावून गेलं यावर जातो आणि वाट बाजूला राहते. तुमच्याकडे चराचे फोटो आहेत. तो चर तसाच राहणं हा आज तुमच्या बाजूचा पुरावा आहे.

चर बुजवून घ्यायला तहसीलदारांकडे मामलेदार न्यायालय कायदा, १९०६च्या कलम ५ खाली जा. मुदत सहा महिन्यांची आहे आणि ती चर खणला त्या दिवसापासून मोजतात. म्हणजे जानेवारी उजाडेपर्यंत थांबू नका. गावात कुणी तरी सांगेल, ‘१४३चा अर्ज टाका.’ महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १४३ रस्ता नसलेल्या शेतकऱ्याला बांधावरून नवा रस्ता देण्यासाठी आहे. तुमची वाट आहेच. ती नव्याने मागायला गेलात तर ‘म्हणजे आधी नव्हती’ असं समोरचा वकील म्हणेल, आणि मी त्याच्या जागी असते तर मीही म्हटलं असतं.

आता जे तुम्हाला आवडणार नाही ते. दिरांच्या म्हणण्यातला अर्धा भाग खरा असेल तर तो तुमच्यावर उलटू शकतो. त्यांचं रान पूर्वेला उंचावर, ओढा पश्चिमेला, मधे तुमची वाट. इतकी वर्षं पावसाचं पाणी त्या खोलगट वाटेवरूनच ओढ्याला जात होतं, म्हणून तर तिथे चिखल व्हायचा. तुम्ही दीड फूट भर टाकलीत आणि नकळत बंधारा बांधलात. वरच्या रानात पडलेल्या पाण्याला नैसर्गिक उताराने खाली जाऊ द्यावं लागतं. हा वरच्या जमीनमालकाचा हक्क त्याच १८८२च्या कायद्यात कलम ७ खाली धरलेला आहे. आणि मामलेदार न्यायालयाच्या ज्या कलम ५ खाली तुम्ही जाणार, त्याच कलमाखाली शेतातल्या पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडवणारा भराव काढून मागायला तेही जाऊ शकतात. दोन्ही अर्ज एकाच टेबलावर आले, तर तहसीलदार चरही बुजवायला सांगतील आणि भरावही काढायला. मग तुम्ही पुन्हा चिखलात.

म्हणून कागद करण्याआधी रस्ता नीट करायची योजना हवी. तुमच्या पत्रातली एक ओळ मी दोनदा वाचली: ‘टिकावाने उकरलं तर वीतभर खाली खडी सापडली.’ खडी कुठे गेली नव्हती, ओल्या मातीत रुतली होती. चिखलावर कितीही ट्रॉल्या ओता, चाकाच्या दाबाने खडी खाली जाते आणि माती वर येते. रस्ता उंच करून हे थांबत नाही. खालची माती कोरडी ठेवली आणि खडीपासून वेगळी ठेवली, तरच थांबतं. अशा दाव्यांत कोर्ट कमिशनरबरोबर, म्हणजे कोर्टाने जागा पाहायला नेमलेल्या माणसाबरोबर, वाटा पाहत फिरले आहे, त्या अनुभवावरून सांगते. वरचा भुसभुशीत चिखल घट्ट थर लागेपर्यंत काढून टाका. त्यावर जिओटेक्स्टाइलचं कापड अंथरा, ते पाणी झिरपू देतं पण माती आणि खडी वेगळी ठेवतं. मग मोठ्या दगडांचं सोलिंग, म्हणजे पायाचा थर, वर फोडलेली खडी, शेवटी मुरूम, आणि पाणी मारून रोलर. नदीतले गोटे घेऊ नका, ते एकमेकांत बसत नाहीत. मधला भाग कडांपेक्षा दोनेक इंच उंच ठेवा, म्हणजे पाणी चाकोरीत साचत नाही. असं केलं की रस्त्याची पातळी रानाच्या पातळीजवळच राहते आणि बंधारा होत नाही.

पूर्वेच्या कडेने चारी हवी, आणि सगळ्यात खोलगट जागी रस्त्याखालून ओढ्याकडे जाणारे सिमेंटचे पाइप. इथे कायदा आणि फावडं एकत्र येतात: चारीसुद्धा तुमच्या दहा फुटांतच बसली पाहिजे. आठ फूट रस्ता आणि दोन फूट चारी धरा. दहाच्या बाहेर एक फूट गेलात की ती त्यांच्या जमिनीतली घुसखोरी. म्हणून आधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या आणि खुणा रोवून ठेवा. ओढ्याच्या काठाला हात लावू नका. मुरूमही ओढ्यातून किंवा गायरानातून खणू नका. विनापरवाना गौण खनिज (मुरूम, खडी, वाळू वगैरे) काढलं तर महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड बसू शकतो आणि ट्रॉली जप्त होऊ शकते. विकत घ्या, वाहतूक पासाची प्रत ठेवा.

खर्च? १८८२च्या कायद्याच्या कलम २५प्रमाणे तो तुमचा. निम्मा मागता येणार नाही. दीर स्वतःचा ट्रॅक्टर त्याच वाटेने नेत असतील तर राजीखुशीने देऊ शकतात, एवढंच.

आणि काम संपलं की जबाबदारी सुरू होते. पाइप आणि चारी ही तुम्ही केलेली बांधणी. ती नादुरुस्त राहून त्यांच्या रानाचं नुकसान झालं तर कलम २६ खाली त्याच कायद्याप्रमाणे भरपाई तुम्हाला द्यावी लागेल. पाइपात एका हंगामात पालापाचोळा आणि गाळ बसतो. मृगाच्या आधी एकदा आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर पुन्हा, तोंडं साफ करा. साफसफाईचे तारखेसह फोटो ठेवा. फोटो कोर्टात द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र लागतं, म्हणून ज्या फोनवर काढले तो फोन मोडीत देऊ नका.

‘गाडीवाट’ या शब्दाबद्दलही बोलायला हवं, कारण दिरांचा वकील तो धरणार. एका प्रकारच्या वाटेत दुसऱ्या प्रकारची वाट येत नाही, असं १८८२च्या कायद्याचं कलम २८ म्हणतं. माझ्या मते गाडीवाटेत आजचा ट्रॅक्टर आणि घरची चारचाकी बसते. वाटणी करणाऱ्या भावांचा हेतू शेती आणि घर चालावं हाच होता. पण उद्या तिथे गोदाम बांधून दहाचाकी ट्रक न्यायचे म्हणालात, तर मी तुमच्या बाजूने इतक्या खात्रीने बोलणार नाही.

या सगळ्यात मला सर्वांत चांगला वाटणारा मार्ग कोर्टाबाहेरचा आहे. दिरांना सोबत घेऊन वाटेवर उभ्या राहा आणि पाइप कुठे टाकायचे ते त्यांनाच दाखवायला सांगा. त्यांच्या रानातलं पाणी तेच सगळ्यात चांगलं ओळखतात. सोयाबीनचं नुकसान खरं असेल तर ऐकून घ्या. जमलं तर समजुतीचा लेख करून तो नोंदवा: वाटेची रुंदी, रानाच्या तुलनेत तिची उंची, पाइपाची जागा आणि व्यास, साफसफाई कुणाची, सोबत मोजणीचा नकाशा. सातबाऱ्यावर इतर हक्कात नोंद करून घ्या. बोलणी सुरू असली तरी सहा महिन्यांची मुदत थांबत नाही. डिसेंबर लागेपर्यंत काही ठरलं नाही तर अर्ज दाखल कराच, बोलणी पुढेही चालू ठेवता येतात.

मोजणीचा अर्ज याच आठवड्यात द्या. परतीचा पाऊस अजून यायचा आहे. तो कोसळेल तेव्हा छत्री घेऊन त्या खोलगट जागेपाशी जा आणि पाणी कुठून येतं, कुठे अडतं, किती वेळाने उतरतं, ते सलग चित्रित करा. उन्हाळ्यात कमिशनर आला तर त्याला ते दिसणार नाही.